मॉन्स्टर कुणाला म्हणायचं? यादी करणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

पुण्यातल्या एका वाचनगटाचा प्रश्न आहे. पुराणं, लोककथा आणि कथा-कादंबऱ्या यांतल्या मॉन्स्टरांचा साधारण शंभर नोंदींचा छोटा कोश त्यांना करायचा आहे आणि पहिल्याच बैठकीत गाडी अडली. रावण घ्यायचा का? घेतला तर बिभीषण का नको? नृसिंह अर्धा सिंह, मग त्याचं काय? वेताळ, मुंजा, म्हसोबा कुठे बसवायचे? आणि फ्रँकेन्स्टाईनने घडवलेल्या जीवाला मॉन्स्टर म्हणणं त्याच्यावर अन्याय नाही का?

वाद होतो कारण गटातला प्रत्येक जण वेगळी कसोटी लावतो. कुणी कूळ बघतं, कुणी रूप, कुणी कर्म, तर कुणी शेवटी वध झाला का एवढंच. या चारही गोष्टी नोंदवायच्याच आहेत, पण त्यांतली एकही एकटी पुरत नाही. मॉन्स्टर ही एका ठरावीक कथेत, ठरावीक पाठात (म्हणजे त्या कथेच्या एका ठरावीक रूपात), एखाद्याच्या वाट्याला आलेली जागा असते. तोच जीव दुसऱ्या पाठात त्या जागेवर नसतो. कधी कधी त्याच कथेच्या पुढच्या अध्यायातही नसतो. म्हणून नोंद करताना नुसतं नाव कधीच घेऊ नका. नाव, ग्रंथ आणि प्रसंग असे तिन्ही एकत्र घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कुळाचा गुंता आधी सोडवू. राक्षस, असुर, दैत्य, दानव हे शब्द बोलताना आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ग्रंथांत ती वेगवेगळी घराणी आहेत. कश्यपाला दितीपासून झाले ते दैत्य: हिरण्याक्ष, हिरण्यकशिपू, आणि पुढच्या पिढ्यांत प्रल्हाद, विरोचन, बळी. दनूपासून दानव, अदितीपासून आदित्य, कद्रूपासून नाग, विनतेपासून अरुण आणि गरुड. म्हणजे देव आणि दैत्य सावत्र भाऊ. रावणाचं घराणं निराळं आहे. पुलस्त्याचा विश्रवा, आणि विश्रव्याला कैकसीपासून रावण, कुंभकर्ण, शूर्पणखा, बिभीषण. यक्षांचा राजा कुबेर हा त्यांचा सावत्र भाऊ. ऋग्वेदात तर वरुणालाही असुर म्हटलं आहे आणि तेही गौरवाने. मयासुर दानव आहे, पण खांडववन जळताना जीव वाचला त्याची फेड म्हणून त्याने पांडवांची सभा बांधून दिली. जरा राक्षसी आहे, पण दोन शकलांत जन्मलेलं मूल तिने सांधलं म्हणून जरासंध जगला. या दोघांना यादीत घालणं म्हणजे आडनाव बघून माणूस ठरवणं. कुळासाठी वेगळा रकाना करा आणि निवड करताना तो झाकून ठेवा. कोशाच्या नावातही ‘राक्षस’ नको, कारण मग बिभीषण बाहेर का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारणार, आणि त्याचं बरोबर असणार.

मग रूप. नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९० साली भयकथेवर लिहिताना एक कसोटी मांडली, ती आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. मॉन्स्टर धोकादायक तर असतोच, शिवाय तो अशुद्ध असतो; म्हणजे जिवंत आणि मृत, माणूस आणि पशू अशा दोन वर्गांच्या फटीत अडकलेला असतो. ग्रीक कथांना ही कसोटी अंगाबरोबर बसते. होमरच्या काव्यातली खिमेरा पुढून सिंह, मधे बकरी, मागून सर्प आहे. मिनोटॉरचं धड माणसाचं आणि डोकं बैलाचं. आपल्याकडे मात्र ही कसोटी लावली की पहिलीच नोंद गणपतीची होते. त्याच्या मागोमाग हयग्रीव, वराह, नृसिंह. जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या दरवाजावर शरभ हा काल्पनिक मिश्र पशू कोरला आहे, तो गडाचा पाठीराखा म्हणून. ओडिया महाभारतातला नऊ प्राण्यांचे अवयव असलेला नवगुंजर हे तर कृष्णाचं रूप, आणि त्याला ओळखताच अर्जुन धनुष्य खाली ठेवतो.

हिरण्यकशिपूची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचून बघा. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, आत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. प्रत्येक कलम जगाच्या वर्गवारीच्या भरवशावर मागितलेलं आहे. आणि उत्तर येतं ते प्रत्येक वर्गाच्या सांध्यातून: उंबरठा, तिन्हीसांज, मांडी, नखं, आणि ना नर ना सिंह असा देह. या कथेत वर्ग मोडतो तो देव, आणि वर्गांच्या आडोशाला लपतो तो दैत्य. मिश्र देह हे आपल्या पुराणांत सामर्थ्याचं लक्षण आहे. तो देह कुणाच्या बाजूने उभा आहे हे वेगळं तपासावं लागतं. भयानक दिसण्याचंही तसंच. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडण्याआधी तो पिणारी चामुंडा त्या रक्तबीजापेक्षा कितीतरी भीषण वर्णिलेली आहे. तेव्हा रूपाची नोंद जरूर करा, अवयव मोजून करा, पण त्यावरून निकाल देऊ नका.

निकाल देण्यासाठी चार प्रश्न पुरतात. पहिला: कथेतल्याच पात्रांना हा जीव जगाच्या रीतीबाहेरचा वाटतो का? आपल्याला काय वाटतं ते इथे गैरलागू आहे. परीकथेत बोलणारा लांडगा भेटला तर कुणी दचकत नाही. तोच लक्ष्मी रोडवर भेटला तर कथा वेगळीच होते. दुसरा: त्याच्यापासूनचा धोका त्याच्या असण्यातून येतो का? म्हणजे तो जगतोच माणसं खाऊन, ओढून, बुडवून, की फक्त राज्य, स्त्री किंवा सूड यांसाठी भांडणारा शत्रू आहे? तिसरा: त्याच्याशी बोलणी होऊ शकतात का, आणि झालेला शब्द तो पाळतो का? चौथा: तो मारला, बांधला किंवा हाकलला गेल्याशिवाय कथेचं जग पूर्ववत होत नाही, असं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलंच पाहिजे. तिसऱ्याला ‘नाही’ किंवा चौथ्याला ‘हो’, यांतलं निदान एक हवं. एवढं जमलं की मुख्य यादी. पहिल्या दोनांतला एकच जमला तर सीमेवरची यादी. तिच्याकडे पुढे येतो.

आता हे हनुमानाच्या उड्डाणावर लावून बघा. सुंदरकांडाच्या सुरुवातीला, लंका गाठेपर्यंत, हनुमानाच्या वाटेत चार प्रचंड जीव येतात आणि बहुतेक याद्यांत त्यांचा गोंधळ झालेला असतो. मैनाक हा समुद्रातून वर आलेला पर्वत. तो हनुमानाला विसावा द्यायला आला आहे. सुरसा ही नागमाता. देवांनीच तिला राक्षसीचं रूप घेऊन हनुमानाची परीक्षा घ्यायला धाडलं आहे. ती जबडा शंभर योजनांपर्यंत वाढवते, हनुमान अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो आणि बाहेर येतो, आणि ती आशीर्वाद देऊन जाते. तिसरी सिंहिका. ती समुद्रात राहते, वरून जाणाऱ्याची सावली पकडून त्याला खाली ओढते आणि खाते. तिच्याशी संवाद होत नाही. हनुमान तिच्या तोंडात शिरून नखांनी तिची मर्मस्थानं फाडतो. चौथी लंकेच्या वेशीवरची राक्षसी. वाल्मीकीच्या पाठात ती ‘मीच ही लंका नगरी’ असं स्वतःच सांगते. लोकांत तिचं नाव लंकिनी म्हणून रूढ आहे. हनुमान तिला डाव्या हाताची मूठ मारतो, आणि स्त्री आहे म्हणून फार संतापत नाही, असंही कवी नोंदवतो. चौघांपैकी मॉन्स्टर एकच, सिंहिका. सुरसेने रूप घेतलं आहे, पण धोका तिच्या असण्यातून येत नाही. लंकिनी पहारेकरी आहे. आकार आणि जबडा बघून यादी केली असती तर तिघी आत आल्या असत्या, आणि त्यातही सुरसा आणि सिंहिका यांच्या गोष्टींची सरमिसळ झाली असती.

यापेक्षा अवघड, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचं मर्म दाखवणारी गोष्ट म्हणजे बकासुराची. आपण ती लहानपणी ‘गाडाभर अन्न आणि एक माणूस’ एवढीच ऐकलेली असते. आदिपर्वात एकचक्रेचा ब्राह्मण कुंतीला सगळी व्यवस्था समजावून सांगतो. तिथला राजा नाकर्ता आहे, त्याच्याने प्रजेचं रक्षण होत नाही. बक हा त्या मुलखाचं परचक्रापासून आणि इतर भुतांपासून रक्षण करतो. त्याबद्दल त्याला ठरलेलं ‘वेतन’ मिळतं. हा शब्द महाभारताचाच आहे. एक गाडा तांदळाचं अन्न, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरांची पाळी लागलेली आहे. पाळी चुकवायला बघणाऱ्याला बक बायकामुलांसकट खातो.

तिसरा प्रश्न इथे लावला तर उत्तर ‘हो’ येतं, कारण बोलणी झाली आहेत, करार आहे, आणि बक तो पाळतोही. पहिला प्रश्नही डळमळतो, कारण एकचक्रेच्या लोकांनी त्याला व्यवहाराचा भाग करून टाकलं आहे. पण कथा तिथे थांबत नाही. ब्राह्मणाच्या घरातली रडारड, बाप जायचा की आई की मुलगी यावरचं लांबलचक बोलणं, आणि हातात गवताची काडी घेऊन ‘मी राक्षसाला मारतो’ म्हणणारं बोबडं पोर, हे सगळं कवीने यासाठीच ठेवलं आहे की त्या घराला ती व्यवस्था रीतीबाहेरचीच वाटते हे कळावं. दुसऱ्या प्रश्नाला स्वच्छ ‘हो’, कारण त्याचं अन्नच माणूस आहे. चौथ्याला ‘हो’. बक मुख्य यादीत येतो.

खरी कसोटी मात्र वधानंतरची आहे. भीम त्याला गुडघ्यावर मोडून मारतो. आरडाओरडा ऐकून बकाचे भाईबंद बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. यापुढे माणसाला हात लावायचा नाही, लावलात तर हीच गत होईल, अशी अट घालतो. ते कबूल करतात, आणि त्यानंतर नगरातल्या लोकांना राक्षस शांतपणे वागताना दिसू लागले, असं महाभारत सांगतं. कूळ तेच, देह तेच, दात तेच. बदललं काय, तर माणूस हे अन्न राहिलं नाही. म्हणजे बक यादीत आणि त्याचे सख्खे नातलग बाहेर. यादी करणाऱ्यांनी हा उतारा बैठकीत मोठ्याने वाचावा, बिभीषणाचा प्रश्न पुन्हा कुणी काढणार नाही.

रावणाचा निकालही याच पद्धतीने लागतो. तो राज्य करतो, तप करतो, त्याच्याशी दूत पाठवून बोलणी होतात, मंदोदरी आणि बिभीषण त्याला नीती सांगतात. सुंदरकांडात हनुमान त्याला झोपलेला बघतो तेव्हा वर्णन दोन बाहूंचं आणि एका मुखाचं आहे. दहा तोंडं आणि वीस हात इतरत्र येतात. तो शत्रू आहे, अपहरण करणारा आहे, जुलमी आहे. दुसऱ्या प्रश्नावर तो अडतो. माझं मत: रावण सीमेवरच्या यादीत, आणि त्याच रामायणातला कबंध मुख्य यादीत. कबंधाला डोकं-मान नाही, तोंड पोटात आहे, एकच डोळा आहे, हात योजनभर लांब, आणि जागचं न हलता हाताच्या टप्प्यात येईल ते खाणं हेच त्याचं आयुष्य. राम-लक्ष्मण त्याचे हात तोडतात, त्याच्याच विनंतीवरून त्याला चितेवर ठेवतात, आणि शापातून सुटलेला तो दिव्य पुरुष सुग्रीवाकडे जायला सांगतो. चिता पेटेपर्यंत मॉन्स्टर, चितेनंतर वाटाड्या. नोंदीत दोन्ही लिहा. ‘शापित होता म्हणून मॉन्स्टर नव्हे’ हा युक्तिवाद टिकत नाही. तसं म्हटलं तर पुराणातला क्वचितच कुणी उरेल.

पाठाबद्दल थोडं कडक राहावं लागतं. महाभारतासाठी आपल्या पुण्यातच सोय आहे: भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली), जी १९६६ साली पूर्ण झाली. एखादा तपशील मुख्य संहितेत आहे की तळटीपेत ढकलला आहे हे तिथे दिसतं. रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याची. नावांच्या पहिल्या तपासणीसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश हाताशी ठेवा. एकाच नावाच्या तीन-चार व्यक्ती त्यात क्रमांकाने वेगळ्या केलेल्या असतात आणि कोणत्या ग्रंथात त्या येतात तेही असतं. मग मूळ उतारा वाचायचा. तळटीपेतला तपशील टाकून द्यायचा असं नाही, तो कुठला आहे ते लिहायचं. अहिरावण-महिरावण लोकांच्या तोंडी आहेत, मारुतीच्या कित्येक चित्रांत आहेत, पण वाल्मीकीत नाहीत. हस्तर तर कुठल्याच पुराणात नाही; तो २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटासाठी रचलेला आहे, आणि तरी ‘पुराणातला शापित देव’ म्हणून त्याचा उल्लेख सगळीकडे फिरतो. परदेशी नोंदींनाही हाच नियम. ग्रीक कवी हेसिऑडच्या पाठात मेड्युसा जन्मतःच गॉर्गन, म्हणजे त्या भयंकर बहिणींपैकी एक, आहे. रोमन कवी ओव्हिडच्या पाठात ती सुंदर तरुणी आहे, देवळात तिच्यावर अत्याचार होतो आणि शिक्षा तिलाच मिळते. दोन पाठ मिसळून एकच नोंद लिहिली तर ती दोन्ही कवींशी खोटी ठरते. दोन स्वतंत्र परिच्छेद करा.

आता आपल्या भागातले. इथे चार प्रश्नांच्या जोडीला पाचवा लागतो: याची आज पूजा होते का? म्हसोबाला शेंदूर लागतो, नैवेद्य होतो, शिवारात त्याचं ठाणं असतं. पुण्यात शिवाजीनगरला म्हसोबा गेट हे नाव रोजच्या बोलण्यात आहे. पुण्यात राहून आसपासचा मुलूख पायी धुंडाळणाऱ्या इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी म्हसोबा आणि महिषासुर यांची सांगड मांडली. ती धरून चाललं तर देवीमाहात्म्यात रेडा, सिंह, खड्गधारी पुरुष, हत्ती आणि पुन्हा रेडा अशी रूपं पालटणारा, शेवटी स्वतःच्याच मुखातून अर्धा बाहेर आलेला असताना मारला जाणारा जीव एका बाजूला, आणि शेताची राखण करणारा देव दुसऱ्या बाजूला. देवीमाहात्म्यातला महिषासुर मुख्य यादीत घ्या. म्हसोबा घेऊ नका. ज्याच्यापुढे आज कुणी नारळ फोडतं त्याला मॉन्स्टरांच्या यादीत बसवणं हे वास्तवाला धरूनही नाही आणि सभ्यपणाचंही नाही.

जेजुरीचे मणी आणि मल्ल हे भाऊ याच कारणाने वेगळे लिहावे लागतात. मल्हारीमाहात्म्यात दोघंही दैत्य, दोघांनीही ऋषींना छळलेलं, दोघांशीही मार्तंड भैरव, म्हणजे खंडोबा, लढतो. मरताना मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागतो. त्याला ती मिळते, आणि नैवेद्यही. मल्लाचा हट्ट सुटत नाही, त्याचं शिर पायरीशी येतं. एकाच लढाईतले दोन भाऊ, एक देवळात आणि एक पायरीवर. मल्ल यादीत घ्या. मणीची नोंद त्याच्याच खाली, शरणागतीनंतर काय झालं यासह.

वेताळाचे दोन वेताळ करा. कथापंचविशीतला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि विक्रमाला कोडी घालतो. तो सीमेवर, कारण त्याच्यापासून विक्रमाला धोका नाही, उलट तोच त्याला कपटी साधकापासून वाचवतो. वेताळ टेकडीवरचा वेताळ हा देव आहे. आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ होतं, यावरून त्याचं गावातलं वजन कळतं. तो यादीत नाही.

मुंजा, हडळ, समंध, गिऱ्हा, चकवा यांच्यासाठी मी सरळ दुसरी वही करायला सांगेन. भूत हा आधी माणूस होता. त्याचं काहीतरी राहून गेलं आहे: मुंजाची सोडमुंज आणि लग्न, हडळीचा संसार. त्यावरचा उपाय विधीचा असतो, उतारा, पिंड, शांती, वधाचा नाही. आणि मुंजाबाचा तर बोळही आहे आपल्याकडे. गिऱ्हा पाण्यात ओढतो आणि चकवा रानात वाट चुकवतो. या दोघांना गतजन्मीचं नाव-गाव नसलं तर ते मॉन्स्टरच्या जवळ येतात, त्यांचा विचार जरूर करा. बागुलबुवा सोडून द्या. त्याला ना देह ना कथा.

बळीबद्दल ठाम बोलतो. तो दैत्यकुळातला आहे एवढ्यावर कितीतरी पुस्तकांत तो ‘राक्षसराजा’ होतो. भागवतात तो शब्दाला जागून तीन पावलं जमीन देतो, सुतलात जातो आणि विष्णू त्याचा द्वारपाल होतो. महाराष्ट्रात दिवाळीला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि अवतारकथा जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास म्हणून वाचल्या. फुल्यांचं वाचन कुणाला पटो न पटो, यादी करणाऱ्याने त्यातून एक रकाना उचललाच पाहिजे: याला हे नाव कुणी ठेवलं? जिंकलेल्याने, हरलेल्याने, की तटस्थ कवीने? खांडववन जळतं तेव्हा आपण अर्जुनाच्या रथातून बघतो. तक्षकाच्या घरच्यांच्या नजरेने त्या दिवशी मॉन्स्टर कोण होतं हे विचारल्याशिवाय नागांच्या नोंदी लिहू नका.

घटोत्कचाची नोंद याच रकान्यावर उभी आहे. पांडवांच्या बाजूने तो पोटचा पोर आणि वीर. तो पडतो तेव्हा सगळे रडतात आणि कृष्ण आनंदतो. कारण विचारल्यावर तो दोन गोष्टी सांगतो. कर्णाची अमोघ शक्ती संपली ही एक. दुसरी अशी की हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. एका मृत्यूवर एकाच छावणीत दोन निकाल. सीमेवर ठेवा आणि द्रोणपर्वातला हा प्रसंग नोंदीत पूर्ण द्या. अश्वत्थामा मात्र घेऊ नका. सौप्तिकपर्वातलं त्याचं कृत्य झोपलेल्यांना मारण्याचं आहे, पण ते कृत्य आहे, स्वभावधर्म नाही. क्रूर माणसांना यादीत घेतलं की शंभरची हजार होते आणि सगळा इतिहास आत येतो. नरभक्षक वाघ, बिबटे यांनाही नको. जुन्नरच्या उसात वाढणारा बिबट्या जनावर आहे. त्याला राक्षस म्हटल्याने त्याचंही नुकसान होतं आणि गावकऱ्यांचंही.

आधुनिक कथांत गोष्ट सोपी होते, कारण तिथे लेखक एक आणि पाठ बहुधा एक. १८१८ च्या कादंबरीतला फ्रँकेन्स्टाईन हा शास्त्रज्ञ. त्याने घडवलेल्या जीवाला नावच नाही, आणि नोंदीचं शीर्षक तसंच द्या. तो वाचतो, बोलतो, सोबतीण मागतो. लोक त्याला दगड मारतात ते त्याने पहिला खून करण्याच्या आधी. पहिला प्रश्न ‘हो’, दुसरा ‘नाही’, म्हणून सीमेवर. १८९७ चा ड्रॅक्युला चारही प्रश्नांवर उतरतो. परग्रहवासी आणि यंत्रं यांच्याबाबत पहिला प्रश्न नीट लावा: ज्या कथेत परग्रहवासी रोज बाजारात दिसतात तिथे तो शेजारी आहे, मॉन्स्टर नाही.

गटातल्या ज्यांना पुढे स्वतःची भयकथा लिहायची आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: सिंहिकेचा नमुना समोर ठेवा. एक जागा, एक शक्ती, एक अन्न, एक मर्म. नवख्या कथांतला मॉन्स्टर फसतो तो त्याला सगळंच करता येतं म्हणून. भिंतीतून जातो, मन वाचतो, रूप पालटतो, मग तो पहिल्याच पानावर नायकाला का खात नाही याचं उत्तर लेखकाकडे नसतं. ड्रॅक्युलाला घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा आत येता येत नाही, आणि त्या एका अटीवर कितीतरी पानं ताणली जातात. त्याला काय करता येत नाही ते आधी ठरवा.

शेवटी कामाची रीत. प्रत्येक नोंदीचं एक कार्ड करा, रकाने दहा: नाव, ग्रंथ आणि पाठ, प्रसंग, कूळ, देह, अन्न, मुक्काम, नाव कुणी ठेवलं, अंत, आजची पूजा. ग्रंथाचा रकाना रिकामा असेल तर ते कार्ड पुढे न्यायचं नाही, नाव कितीही प्रसिद्ध असो. कार्ड दोघांनी स्वतंत्र भरायचं, एकमेकांचं न बघता, आणि चार प्रश्नांची उत्तरं पाठीमागे लिहायची. दोघांचं जुळलं तर नोंद पक्की. नाही जुळलं तर तिसऱ्याला विचारू नका. मताधिक्याने हा प्रश्न सुटत नाही. दोघांनी मिळून मूळ उतारा वाचायचा, आणि तरी मतभेद राहिला तर ती नोंद सीमेवरच्या यादीत जाते, दोन्ही मतांसह. नोंदीची लांबी सव्वाशे ते दीडशे शब्द ठेवा, सीमेवरच्यांना अडीचशेपर्यंत मुभा द्या, कारण तिथे युक्तिवाद लिहावा लागतो. शंभरातल्या पंचवीस-तीस नोंदी सीमेवर गेल्या तर बिचकू नका. त्याहून फार कमी गेल्या तर मात्र कार्डं परत तपासा. बहुधा कुणीतरी कुळाचा रकाना बघून उत्तरं भरलेली असतात.